आमच्या गोठ्यामागचं घर

माझ्या फोनवर ओळख लपवणारा ब्राउझर आहे. त्यात देश बदलला की आपण नॉर्वेत बसलोय असं दिसतं. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली, हे मी ताठ मानेनं सांगते. म्हणूनच चुलतबहीण मंदा माझ्याकडे आली. शेजारच्या पिंकीचं, नववीतल्या पोरीचं, लग्न परवावर आलं होतं. बालविवाह थांबवणाऱ्या कार्यालयाला कळवायचं होतं, पण कुणी कळवलं ते गावाला कळता कामा नये.

"ताई, आता आपण कुठं हाय?"

"नॉर्वेत."

"मग एवढं उकडतंय कसं गं?"

ती हसली आणि माझ्या फोनवर तक्रार टाइप करू लागली. मी वाचलं, 'मुलीचं घर आमच्या गोठ्यामागं आहे.' फोननं आम्हाला समुद्रापार नेलं होतं आणि मंदानं एका ओळीत परत दारात आणून उभं केलं होतं. तिला तरी काय बोलणार? आम्ही गावची माणसं कुणाचाही पत्ता सांगतो तो आपल्याच उंबऱ्यापासून. आमचं जग तिथूनच सुरू होतं. मी ती ओळ खोडली, देवळापासून पत्ता लिहिला आणि पाठवून दिला.

तेवढ्यात मागच्या दारातून पिंकीच्या आईची हाक आली, "पोरींनो, हळद कुटायला या की!"

नॉर्वेतून उठून आम्ही गेलो. पिंकी उखळाशेजारी बसली होती. आमचे हात पिवळे होत होते आणि कान रस्त्याकडे लागले होते.