बिलाबाहेरची पंचवीस मिनिटं

दवाखान्याच्या बिलात एक ओळ होती: इन्सुलिन पेन शिकवणे, वीस मिनिटे. मी घड्याळ पाहिलं होतं. सिस्टर माझ्या बायकोजवळ पाऊण तास बसली होती. हिला यापुढे रोज स्वतःच टोचून घ्यायचं होतं, पण सुई पोटाजवळ नेली की ही हात मागे घेई. "काकू, परत एकदा बघा," म्हणत सिस्टर उशीवर टोचून, सुई आत ठेवून दहा मोजून दाखवी.

मी काउंटरवर चूक सांगितली. बिल करणारी मुलगी हसली. "काका, लोक बिल कमी करायला भांडतात! वीस मिनिटांच्या पुढे आमच्याकडे कोडच नाही."

माणसं एकमेकांना देतात त्यातलं बरंचसं असंच कागदाबाहेर राहत असावं.

आज सकाळी मी मदतीला गेलो, तर हिने मला हातानेच थांबवलं. "बोलू नका. सुई आत आहे, दहा मोजायचेत." आणि ती शांतपणे मोजत राहिली.