चैतीमावशीचं अर्धं स्वप्न

चैतीमावशी स्वप्न सांगायला बसली की आधी माझ्या खिशातलं पेन काढून घ्यायची आणि तांदळाच्या पोत्यावर ठेवायची. पुढे पुढे मोबाइलही तिथेच जाऊ लागला. "ऐकायचं तर ऐका, गुरजी. लिवलं का सपान तिथंच अडकून बसतं," असं तिचं म्हणणं. मी मान डोलवायचो, सगळं ऐकून घ्यायचो आणि खोलीवर जाऊन आठवेल तसं उतरवून काढायचो. तिला माझा संशय होता आणि तो शंभर टक्के खरा होता.

खोडाळ्याजवळच्या एका आश्रमशाळेत मी सात वर्षं मराठी शिकवलं. चैतीमावशी तिथली स्वयंपाकीण. पन्नाशीची, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता कपाळाकडे बघणारी. मला कथा लिहायची हौस दांडगी, पण डोकं कोरडं ठणठणीत. झोपेत काही सुचावं म्हटलं तर मला स्वप्नं पडायची ती फक्त बदलीची. मावशीला मात्र काय काय पडायचं. एक कोंबडी जीपने जव्हारला जाऊन दाखल्याच्या रांगेत उभी राहते आणि नंबर आला की तिला स्वतःचं नावच आठवत नाही. एक डोंगर स्वतःला विकायला बाजारात येऊन बसतो. गिऱ्हाइकं येतात, न्यायचा कसा म्हणून डोकं खाजवत परत जातात. अशा माझ्या कथा छापून येऊ लागल्या. 'विलक्षण कल्पनाशक्ती' असं वाचक पत्रांतून कळवायचे. ती पत्रं मी जपून ठेवली आहेत.

संशय मलाही होताच. मी कंटाळलेला दिसलो की स्वप्न आखूड व्हायचं, हसलो की त्याला फाटे फुटायचे. तीच कोंबडी महिन्याने पुन्हा विचारली तर तिची शेळी झालेली. खरंच पडलं का, असं विचारलं की मावशी उठून डाळ ढवळायला लागायची आणि पाठमोरी राहूनच विचारायची, की तुम्ही तरी खरंच लिहीत नाही ना. मग मी पोत्यावरचं पेन उचलून निघायचो.

एका पौषात मात्र तिने पेन मागितलंच नाही. तिचा मुलगा देवराम वसईकडे बांधकामावर गेला होता. "देवराम नदीत उभा व्हता, कमरेइतक्या पाण्यात. पाठमोरा. मी हाका मारल्या, त्यानं वळून बघितलं नाय. मंग जाग आली." एवढंच. खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. मला कथा दिसली. कथेला शेवट हवा म्हणून मी त्याला बुडवला. आळसाने नावही बदललं नाही.

अंक आला तेव्हा होळीला आठवडा उरला होता. कामावर गेलेली माणसं गावात परतत होती आणि देवरामचा फोन दहा दिवस लागत नव्हता. वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंनी कौतुकाने ती कथा स्वयंपाकघरात मावशीला वाचून दाखवली. थोड्या वेळाने मावशी माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ तसंच होतं.

"सपान अर्धंच व्हतं, गुरजी. पुरं तुमी केलं."

मी कल्पना, वास्तव, साहित्य वगैरे बरंच बोललो. बोलता बोलता माझं मलाच ते पोकळ वाटायला लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मंग आता दुसरं पुरं करा."

मुलांना धडा वाचायला लावून मी तिच्यासमोर बसून लिहिलं: देवराम वळला, पाण्यातून बाहेर आला, घरी येऊन नागलीची भाकरी जेवला. ते तिने माझ्याकडून वाचून घेतलं. माझा काय भरवसा, म्हणून मग तोच कागद अधीक्षिकाबाईंकडून वाचून घेतला आणि दोघांचं जुळतं का ते पाहिलं. शेवटी पाचवीतल्या एका मुलीकडूनही. मग कागद कमरेला खोचून भात उतरवायला गेली. पुढचे पाच-सहा दिवस मी शिकवलं खरं, पण कान बाहेर जीपकडे लागलेले असायचे. मनातून मीही घाबरलो होतो.

होळीच्या आदल्या दिवशी देवराम आला. फोन कालवलेल्या सिमेंटात पडला होता, बस्स. माझ्या जिवात जीव आला आणि लगेच जीभही सुटली. मावशीला म्हटलं, बघा, काही झालं नव्हतं.

"झालं नाय का होऊ दिलं नाय, तुमाला काय ठावं," ती माझ्या कपाळाकडे बघत म्हणाली.

त्यानंतर तिने मला एकही स्वप्न सांगितलं नाही. मीही मागितलं नाही. तेवढी लाज होती.

मागच्या वर्षी माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. राहवलं नाही, म्हणून कोंबडीचं आणि डोंगराचं विचारलंच. तिने सूप खाली ठेवलं.

"ती कुठली सपनं. तुमी रोज हिरमुसलं तोंड घेऊन यायचे, म्हणून बसल्या बसल्या जुळवून सांगायची. सपान मना एकच पडलं व्हतं."

जीपमध्ये बसेपर्यंत मला त्याचा अर्थ लागला नव्हता. ज्यांच्यासाठी लोकांनी माझी पाठ थोपटली त्या सगळ्या गोष्टी तिने रचल्या होत्या. माझ्या डोक्यातून निघाला तो एकच शेवट, आणि त्यात मी तिचा मुलगा मारला होता.