बाहेरचा कप

दारात उभं राहून मी एकच प्रश्न विचारायचे, "बाहेरचे कप हायेत काय घरात?" बाहेरचे म्हणजे विलायती, असं माझं डोकं. कप पालथा केला की बुडाला सिंह, मुकुट नाहीतर 'मेड इन इंग्लंड' असा शिक्का दिसतो, तसले. दीड वर्ष मी कारंज्यापासून आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावपर्यंतच्या खेड्यांत हा प्रश्न विचारत फिरले. त्याचा खरा अर्थ मला सोडून सगळ्यांना माहीत होता.

त्याआधी मी पत्रकं लिहायचे. शिष्यवृत्ती अडली, पत्रक. रेशनचं माप कमी भरलं, पत्रक. कामरगावच्या झेरॉक्सच्या दुकानात काढायची आणि एसटी थांब्यावर वाटायची. पत्रकात 'मी' लिहायचं नसतं. 'आम्ही जाब विचारतो', 'आम्ही इशारा देतो'. संघटनेच्या आमच्या शाखेत आम्ही पाच जण होतो. एक मास्तर झाला. दोघं पुण्याला अभ्यासिकेत जाऊन बसले. एक पक्षात गेला आणि आता गाडीवर स्टिकर लावून फिरतो. शेवटचं पत्रक मी एकटीनं लिहिलं, एकटीनं वाटलं, आणि त्यातही 'आम्ही'च होतं. आम्ही म्हणजे कोण, असं कोणी विचारलंसुद्धा नाही. त्याच उन्हाळ्यात आईबाबा भावाकडे चाकणला गेले. त्याची कंपनीतली नोकरी, नातवाला सांभाळायला माणूस पाहिजे. तीन खोल्यांत मी उरले.

या धंद्यात मी चुकून आले. भंगारवाल्याच्या ढिगात निळ्या फुलांची एक बशी दिसली, तिचा फोटो फोनवर टाकला, आणि पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. बशी त्यांनी घेतली आणि म्हणाल्या, अजून मिळालं तर सांग. मी त्यांना ताई म्हणू लागले. दर गुरुवारी त्यांचा फोन यायचा. आज कुठं गेलीस, काय दिसलं, असं विचारणारं त्या काळात दुसरं कोणी नव्हतं. खरं सांगायचं तर मी बुधवारी खेड्यात जायचे ते गुरुवारी सांगायला काहीतरी असावं म्हणून.

आणि सांगायला असायचंही. इंग्रज गेला, त्याच्या टेबलावरचं सामान लिलावातून, कापसाच्या व्यापाऱ्यांकडून आमच्या भागात पसरलं, आणि आमच्या लोकांनी त्याला कामाला लावलं. टोस्ट उभे ठेवायच्या चांदीच्या मुलाम्याच्या घोडीत वीजबिलं खोचलेली. चोचीच्या रश्शाच्या भांड्यातून एका घरात तीन पिढ्या तान्ह्या पोरांना दूध पाजलं होतं. घरातली म्हातारी म्हणाली, "एवढं मोठं बोंडलं, साहेबाचं पोट्टं किती पेत असन बाप्पा!" एका माळकऱ्याच्या देवघरात अंडं ठेवायच्या कपात कुंकू होतं. मी तो विकत घेतला, पण कशाचा ते सांगितलं नाही. पत्रकवाली असते तर सांगितलं असतं.

लोक मला बोहारीण म्हणायचे. "आली व भांडेवाली! जुन्या लुगड्यावर काय देते?" मी हसायचे. पण 'बाहेरचे कप' म्हटलं की काही घरांत एकदम गप्प व्हायचे. एक म्हातारा म्हणाला, "ते आता कोन ठेवते? जमाना गेला." मला वाटलं, विलायती मालाचा जमाना. एका बाईनं तर धाडकन दार लावलं. मी मनात म्हटलं, केवढा हा माज, चिनीमातीचा कप दाखवायलासुद्धा!

मागच्या दिवाळीआधी ताईंनी सांगितलं, एकाच नमुन्याचे सहा कप आणि सहा बश्या जमव. गिऱ्हाईक पक्कं आहे. जमवलेस तर पुढं तुझा सगळा माल मीच घेईन, प्रत्येक वस्तूबरोबर तू लिहिलेलं कार्ड लावू, तुझ्या नावानं. माझ्याकडे त्या नमुन्याचे चार होते, अनसिंगच्या एका निवृत्त बाईंकडून घेतलेले. सोनेरी कड आणि गुलाबाची वेल. दोन हवे होते. माझं पोट आता ताईंच्या एका 'हो'वर होतं, आणि गुरुवारसुद्धा.

ते दोन किन्हीराजाच्या पुढच्या एका खेड्यात मिळाले. घर नवं बांधणं चालू होतं, स्लॅब पडलेला, मागचा गोठा पाडायला काढलेला. मी नेहमीचा प्रश्न विचारला. घरची बाई पन्नाशीची, हातभर सिमेंट लागलेलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तुले कोनं सांगतलं?"

"कोनं नाही. हायेत काय?"

"हायेत ना. गोठ्याच्या कोनाड्यात पडेल हायेत. पाडाच्या आधी घेऊन जा बाप्पा."

कोनाडा गोठ्याच्या बाहेरच्या अंगाला होता. आत धूळ, कोळ्याची जाळी, आणि त्यामागं माझी गुलाबाची वेल. दोन कप, दोन बश्या. एकही टवका नाही. मी इतकी खूश झाले की मोठ्यानं बोलले, "मावशी, इतका भारी बाहेरचा माल तुमी गोठ्यात काहून ठेवला?"

"मंग कुठी ठेवाचा? बाहेरचा बाहेरच राहीन ना."

"बाहेरचा म्हंजे विलायतेचा ना?"

ती हसायला लागली, मग थांबली. "अवं विलायतेचा कायचा! सासूबाईनं सहा आनले होते. चार फुटले, मंग हे दोन बाहेर काढले. कामावर येत ना लोक, त्यायच्यासाठी. त्यायनंच प्याचं, त्यायनंच धुवाचं, त्यायनंच ठेवाचं. आता नाई तसं काही." मग हाताचं सिमेंट झटकत, "तू कोनाची व?"

मी आडनाव सांगितलं. आमच्या भागात तेवढं पुरतं.

माझ्याजवळ पाच वर्षांची पत्रकं होती डोक्यात. अख्खा परिच्छेद तयार होता. तेवढ्यात तिनं चहा आणला, कागदी कपात. मी उसळलेच होते, पण गवंड्याच्या हातातही कागदीच, तिच्या नवऱ्याच्याही, तिच्याही. बांधकामात भांडी कोण घासणार. की आणखी काही? कळायला मार्ग नव्हता. धड रागावताही येईना. मी चहा प्याले, तिनं सांगितले तेवढे पैसे दिले आणि कप घेऊन निघाले. फेकून यायला हवे होते, असं कोणी म्हणेल. मला सहाचा संच पुरा करायचा होता. मी घेतले.

जीपमध्ये बसल्यावर दीड वर्षातली दारं एकेक आठवायला लागली. मी, आमच्या घरची पोरगी, दारोदार विचारत फिरत होते की तुमच्याकडे आमच्यासाठी ठेवलेले कप आहेत का. जो गप्प झाला तो शरमेनं झाला असेल. दार लावणारीला वाटलं असेल, ही हिशेब मागायला आली. आणि ताईंना पाठवलेल्या मालाच्या चिठ्ठ्यांवर मी माझ्या सुंदर अक्षरात लिहीत होते, 'बाहेरचा, अस्सल'.

घरी येऊन बाबांना फोन लावला.

"बाबा, बाहेरचा कप म्हंजे काय?"

पलीकडं नातवाचं कार्टून चालू होतं. ते बंद झालं. मग बाबा म्हणाले, "तुले कोनं पाजलं?"

"कोनं नाही. मी इकत आनला."

"इकत!" ते म्हणाले. फोन आईनं घेतला आणि जेवलीस काय म्हणून विचारलं.

मी दोन कपांचं कार्ड लिहिलं. चार ओळी. कुठं होते, कोणासाठी होते, कोण धुवायचं, आणि इतके नवे कसे राहिले: कारण वर्षातून थोडेच दिवस, थोड्याच लोकांच्या हातात जायचे, आणि ती माणसं फुटण्याच्या भीतीनं जपून धरायची. उद्गारचिन्ह एकही नाही. गुरुवारी ताईंना वाचून दाखवलं.

"फार छान लिहिलंस गं," त्या म्हणाल्या. "पण हे नको."

"काहून?"

"अगं, माणूस घरी सणासुदीला त्यात चहा पिणार. कसं वाटेल त्याला? इंग्लंडहून कसे आले, कापूस, रेल्वे, ते लिही ना. तेही खरंच आहे."

"खरं आहे. पण कोनाड्यात कापूस नव्हता, ताई."

"सहाही पाठव, या दोनचं कार्ड मी लिहिते. तू काही खोटं लिहायचं नाहीस, बस?"

त्या मायेनंच बोलत होत्या. त्याचाच जास्त राग आला. संघटनेत असताना वरून पत्रकातल्या ओळी कापून यायच्या तेव्हा मी टेबलावर मूठ आपटायचे आणि चौघं माझ्या बाजूनं आपटायचे. आता टेबलावर पॅकिंगचा थर्माकोल होता. मी म्हटलं, "कार्डासकट सहा, नाहीतर चार."

"चार कपांचा संच नसतो, बाळ," त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि सहाही कप परत कपाटात लावले. पुढच्या गुरुवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी एकदा केला, तर दुकानातल्या मुलीनं घेतला आणि ताई कामात आहेत म्हणाली.

मग एका रविवारी न सांगता बाबा आले. मूर्तिजापूरला गाडीतून उतरून जीपनं. दारात चपला काढत म्हणाले, "कुठी हाय तो?"

मी कप काढून दिला. त्यांनी तो खिडकीशी नेला, फिरवला, पालथा केला. शिक्क्याकडे बघितलंही नाही. अंगठा आणि बोट कपाच्या कानात घालून पाहिलं. नीट बसेना, कान नाजूक होता.

"हा नव्हं," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"आमच्या कपाले कान नव्हता. कान तुटल्यावरच भायेर टाकत. च्या गरम राहे, हात भाजे." मग हसले. बऱ्याच दिवसांनी. "लय भारी कप हाय हा. एवढा चांगला आमाले कोन देते?"

मी विचारलं, करू का यात चहा? ते म्हणाले, "नको व, स्टीलच्यात दे."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते परत गेले, नातवाची शाळा होती. जाताना म्हणाले, चाकणले चाल, काय ठेवलं इथं. मी म्हटलं, बघते. मग भंगारवाल्याकडे गेले आणि विचारलं, कान तुटलेले कप येतात काय तुझ्याकडे?

तो म्हणाला, "पोतंभर येतात. कोन घेते ते?"

मी म्हटलं, पोतं दाखव.