हॅलोचेकची चाकांची खुर्ची

आमच्या गल्लीत एक माणूस असा आहे की त्याला माईक दिला नाही तर तो आजारी पडतो, आणि दिला तर आपण. खुर्च्या, तंबू आणि कर्णे भाड्याने देण्याचं त्याचं दुकान आमच्या खिडकीखालीच आहे. कुणाचं लग्न असो नाहीतर कुणी गेलेलं असो, खुर्च्या त्याच्याच. खुर्च्यांबरोबर तो स्वतः फुकट येतो, हीच खरी अडचण. वायर जोडता जोडता "हॅलो, चेक, हॅलो" सुरू होतं आणि पुढे दोन तास संपत नाही. म्हणून त्याचं नाव हॅलोचेक. त्याची बायको चिडली की तीही त्याच नावाने हाक मारते.

शाळेतल्या नाटकात त्याला झाड केलं होतं म्हणतात. ते झाडही बोललं. स्वतःच्या लग्नात आभार त्याने स्वतःच मानले. आमच्या वरच्या मजल्यावरचे मास्तर गेले तेव्हा शोकसभेत हा पाऊण तास बोलला; त्यातली पाच मिनिटं मास्तरांच्या वाट्याला आली, बाकीच्यात मास्तर याला किती मानायचे ते. दुसऱ्याचं दुःख मला बघवत नाही, असं तो नेहमी सांगतो. खरं आहे. बघायला चार माणसं जमल्याशिवाय त्याला ते खरंच बघवत नाही.

आणि गेल्या वर्षी त्याला मनाजोगतं दुःख मिळालं.

त्याच्या दुकानापासून चार दारं सोडून पार्लर आहे. पार्लरवालीचा नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. मुलगी नऊ वर्षांची, पाय जमिनीवर ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. भिंगरी जिन्याच्या कठड्यावरून घसरायची. एके दिवशी घसरली ती थेट खाली, डोक्यावर. डोकं उघडून ऑपरेशन झालं. कित्येक दिवस डोळे मिटूनच होती. मग पुनर्वसन केंद्रात नेऊ लागले. तिथे तिला बसायला, घास गिळायला, शब्द उच्चारायला पहिल्यापासून शिकवत होते. पोर हळूहळू परत येत होती.

आता आमच्या गल्लीचं कौतुक ऐका. पोर निपचित पडली होती तोवर दारात रांग. पाकिटं काय, डोळ्याला पदर काय! ती बसायला लागली तशी रांग अर्धी झाली. हसायला लागली तेव्हा तर "आता बरी आहे की!" म्हणून सगळे मोकळे. पाकिटं बंद. खर्च मात्र तेव्हाच खरा सुरू झाला होता. केंद्राची फी महिनाअखेरपर्यंतच भरलेली होती. पुढची भरली नाही तर शिकवणं थांबणार, आणि या दिवसांत थांबलं तर पुढे मेंदू तेवढं शिकत नाही, असं तिथल्या व्यायामवाल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

अशा वेळी हॅलोचेक पार्लरमध्ये शिरला. खुर्चीत आमची ही भुवया करून घेत होती, म्हणून मला सगळं अक्षरन् अक्षर ठाऊक आहे.

"वहिनी, मी असताना तुम्ही काळजी करायची नाही."

"मग कुणी करायची, भाऊ?" पार्लरवाली दातात दोरा धरून म्हणाली.

"कार्यक्रम करू. भव्य! फर्निचरवाले शेठ पाहुणे. सहा महिन्यांचा खर्च एकटे उचलतो म्हणालेत. फक्त फोटो नीट यायला हवा."

तेवढ्यात आतल्या खोलीतून भिंगरी भिंतीला हात लावत बाहेर आली. डावा पाय ओढत, पण स्वतःच्या पायांनी. हॅलोचेकचा चेहरा उतरला.

"म्हणजे ही चालते?"

"चालते! आठवडा झाला!" आई खुलली.

"अरेरे," हॅलोचेक म्हणाला.

खरंच म्हणाला. वर म्हणाला, "कार्यक्रमापर्यंत जरा थांबवता येईल का?"

दोरा तुटला. आमच्या हिची एक भुवई त्या दिवशी अर्धीच राहिली.

"थांबवू? चालणं?"

"तसं नाही हो वहिनी. पण लोकांनी चालताना पाहिलं की त्यांचा खिसा शिवला जातो. मला विचारा, मी लोक ओळखतो."

वाईट एवढंच की यात तो खोटं बोलत नव्हता. भिंगरी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"काका, तुमच्या नाकातून केस बाहेर आलेत."

हे त्या पडण्याचंच. केंद्रातल्या बाईंनी आईला आधीच समजावलं होतं, अशा मारानंतर कधीकधी जिभेचा ब्रेक ढिला होतो. तुमच्याआमच्या पोटात एक आणि ओठात एक असतं. हिच्या पोट-ओठांमधलं दारच निखळलं होतं. आई माफी मागत होती. हॅलोचेक नाक चाचपत होता.

शेवटी पार्लरवालीने तुटलेला दोरा टाकून दिला. "कार्यक्रम करा भाऊ. पण चालणं थांबणार नाही. दार लावून चालवीन." आणि तिने दार लावलं. मूल पहिल्यांदा चालायला लागलं की लोक गल्लीभर मिरवतात. या बाईवर ते लपवायची पाळी आली, आणि ती आणली आमच्यासारख्या सज्जनांनी.

हॅलोचेकने कुठूनशी चाकांची खुर्ची पैदा केली, भिंगरीला तिच्यात बसवून तालमी घेतल्या. मान खाली. हसायचं नाही. त्याने माईक धरला की फक्त "मला मदत करा" एवढंच. पोर "बरं काका" म्हणाली. त्याला वाटलं, झालं! माईक हातात आल्यावर माणूस नेमून दिलेलं सोडून भलतंच बोलतो, हे जगात सगळ्यात जास्त ज्याला ठाऊक असायला हवं, त्याच्याच ते ध्यानात आलं नाही.

कार्यक्रम शाळेच्या पटांगणात झाला. खुर्च्या भरल्या. पुढच्या रांगेत रुमाल आधीच बाहेर आलेले. शेठजी मंचावर, मांडीवर दरवाजाएवढा पुठ्ठ्याचा चेक. हॅलोचेक बोलला, बोलला, बोलला. स्वतःच्या लहानपणापासून सुरुवात केली. मग चाकांची खुर्ची पुढे ढकलून त्याने माईक भिंगरीच्या तोंडापुढे धरला.

"मला... मदत करा."

हुंदके. शेठजींनी चष्मा काढला. यश पाहून हॅलोचेकला इतकं भरून आलं की डोळे पुसायला त्याने जन्मात पहिल्यांदा माईक हातातून सोडला. भिंगरीच्या मांडीवर.

"काका म्हणाले हसायचं नाही," भिंगरी थांबत थांबत म्हणाली. "मान खाली घालायची. पण मान दुखते. ही खुर्ची माझी नाही. मला चालता येतं. दाखवू?"

आणि ती उठली.

"बस! बस खाली!" हॅलोचेक ओरडला. माईक चालूच होता. चारी कर्ण्यांतून गल्लीभर घुमलं, "बस खाली!" मेंदूला मार लागलेली पोर उभी राहिली म्हणून तिला दटावणारा दानशूर कार्यकर्ता! त्याच्या कर्ण्यांतून आवाज कधी इतका स्वच्छ आला नव्हता.

भिंगरी माईक हातात घेऊन पाय ओढत शेठजींपर्यंत गेली. निरखून म्हणाली, "आजोबा, तुमच्या डोळ्यांत पाणी आलंच नाही. नुसतं चोळताय."

पोरं खिदळली, मग मोठेही. शेठजी उठले. "ही फसवणूक आहे," म्हणाले आणि पुठ्ठा काखेत मारून निघाले. तो गाडीच्या दारातून आत जाईना. बराच वेळ सगळ्यांच्या देखत खटपट चालली होती.

पार्लरवालीने वर चढून लेकीच्या हातातून माईक घेतला. ती रागाने म्हणाली, "ती चालते. पडतेही. हे सगळं तिला शिकवावं लागलंय, अजून पुष्कळ शिकवायचं राहिलंय. पैसे मिळाले तर पळेल. नाही मिळाले तर आहे तिथेच राहील. द्यायचे त्यांनी द्या. रडायचं असेल त्यांनी घरी जाऊन रडा."

रुमालवाले गेले. आपल्या करुणेचे पैसे वसूल झाले नाहीत, असा चेहरा करून गेले. उरलेल्यांनी मात्र दिलं. हसून हसून पोट दुखल्यावर खिशात हात घालायला संकोच राहत नाही. शेठच्या पुठ्ठ्यावर होतं त्याच्या जेमतेम निम्मं जमलं. रडवलं असतं तर पुरतं जमलं असतं, हे मी आमच्या गल्लीच्या तोंडावर सांगायला तयार आहे. तरी तीन महिन्यांची फी भरली गेली. शिकवणं थांबलं नाही.

हॅलोचेक दोन दिवस दिसला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पार्लरमध्ये बिल पाठवलं. खुर्च्या, तंबू, कर्णे, "सेवाभावी सवलत" वजा जाता. उरलेली रक्कम केंद्राच्या जवळजवळ एका महिन्याएवढी. लोकांना मात्र सांगत सुटला, "पोरीला सभेत बोलायला मीच शिकवलं."

भिंगरीला रोज संध्याकाळी पार्लरपासून त्याच्या दुकानापर्यंत चालायचा व्यायाम दिला होता. ती पोचली की दम खात उभी राही, आणि दुकानात जे दिसेल ते मोठ्याने सांगे. गिऱ्हाईक असलं तर जास्तच. म्हणून एके संध्याकाळी त्याने आपणहून खुर्ची बाहेर मांडली.

"बस गं बाळ."

भिंगरीने खुर्चीकडे पाहिलं. "ही पण भाड्याची?"

"छे गं. तुला कसलं भाडं?"

"मग आईला बिल का पाठवलं?"

दुकानात लग्नाच्या खुर्च्या ठरवायला आलेली माणसं होती. ती वळून बघायला लागली. भिंगरी उत्तरासाठी थांबली. तिला घाई नव्हती. घाई तिला करताच येत नव्हती.

त्याच संध्याकाळी हॅलोचेकने बिल परत मागवलं आणि फाडलं. गुपचूप फाडेल तर तो हॅलोचेक कसला? दारात माईक लावून, "हॅलो, चेक" करून, चार माणसं जमेपर्यंत थांबून फाडलं. भिंगरी शेजारी उभी होती. बोलताना माईक त्याने तिच्यापासून हातभर लांब धरला होता.