चंद्राला लावलेली छत्री

"दम धर, वाटेत असेल," काकी म्हणायच्या. एसटी असो, चिकू न्यायला येणारा टेम्पो असो की फोन न करणारी मुलगी, त्यांच्या मते सगळं वाटेतच असायचं.

घोलवडला आमच्या घरामागे त्यांची चिकूची वाडी. तरुणपणी त्या तार खात्यात होत्या. तारा बंद झाल्या, पण बोटांची सवय सुटली नाही. मग हौशी रेडिओचा परवाना काढून त्या घरबसल्या जगभर तारेच्या भाषेत, आखूड-लांब ठोक्यांनी, कट्ट-कडकट्ट करायच्या. मी गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाडला ढाब्यांवर टीव्हीच्या छत्र्या बसवणारा. आकाशातला सिग्नल म्हणजे बापाची जहागीर, अशा तोऱ्यात वावरायचो. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. नसेल, तर मी आहेच.

एकदा काकींनी बोलावलं. "मोठी छत्री करायची. चंद्राला लावायची."

"तिथे कुठलं चॅनल लागतं?" मी विचारलं.

त्या हसल्या नाहीत. "इथून पाठवलेला ठोका चंद्रावर आदळून परत येतो. तो मला ऐकायचाय. कान आहेत तोवर." त्यांना हल्ली कमी ऐकू यायचं.

सळ्या वाकवल्या, कोंबड्यांची जाळी ताणली. पावसाळ्याआधी सुरू केलेलं काम दिवाळीनंतर संपलं, कारण कारागीर मी होतो. पहिल्यांदा छत्री अशी बसवली की चंद्र राहिला बाजूला, शेजारच्या ताडाशीच संपर्क झाला असता. या सगळ्यात काकींचे कान मात्र गेले. कानातल्या यंत्राने जवळचं बोलणं कळे, बारीक आवाज नाही.

एका दुपारी वाडीवर फिकट चंद्र आला. काकी ठोके पाठवायच्या, हेडफोन दाबून धरायच्या, मान हलवायच्या. पुन्हा पाठवायच्या. शेवटी त्यांनी हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवला आणि हात पुढे केला.

"तू ऐक. ऐकशील ते इथे वाजव."

त्यांनी कळ दाबली. कानात खणखणीत टिंग-टिंग वाजलं. "आलं, आलं!" मी उडीच मारली.

"अरे गाढवा, ते इथलंच! अजून वाटेलासुद्धा लागलं नाही."

पुन्हा ठोके. मग तेलात काही तळत असावं तशी नुसती खरखर. दोन-अडीच सेकंदांनी त्या खरखरीतून अगदी क्षीण, जरा वेगळ्या पट्टीत, तेच ठोके आले. मी घाईघाईने त्यांच्या तळहातावर बोट आपटलं.

"शेवटचा लांब होता ना?"

"होता."

"मग लांब दे की!"

मी लांब दिला. काकींनी मूठ मिटली आणि बराच वेळ उघडली नाही. डोळे पुसले ते मी. काकी छत्रीच्या सळ्या नीट घट्ट केल्यात का ते बघत होत्या.

मग दिवसा चंद्र दिसला की मी वाडीत. ढाबेवाला फोनवर ओरडायचा, "भाई, मॅच चालू थशे, तू क्यां छे?" "चंद्रावर काम आहे," म्हटलं की त्याला वाटायचं, हा प्यायला लागला.

गेल्या उन्हाळ्यात काकी गेल्या. त्यांची मुलगी आली, तिने मला छत्री उतरवायला बोलावलं.

"आईला यातून खरंच काही ऐकू यायचं?"

"त्यांना नाही. मला यायचं."

"काय पाठवायची ती?"

मी पाना खाली ठेवला. इतके दिवस त्यांचं बोलणं चंद्रावरून आधी माझ्याकडे यायचं, आणि त्यातलं एक अक्षरही मला वाचता येत नव्हतं.