पाच किलोच्या सीन्याला किती वेळ

नज्जन मियाँ घड्याळ वापरत नसत. त्यांच्याकडे बायकोची विणकामाची एक पोलादी सुई होती. लखनऊ छावणीला लागून असलेल्या आमच्या सरकारी क्वार्टर्समागे त्यांचं अंगण होतं. कुणाकडे दावत असली की तिथल्या लोखंडी पिपात, आंब्याच्या लाकडांच्या धुरावर, म्हशीच्या छातीचा अख्खा तुकडा दिवसभर शिजायचा. त्याला ते सीना म्हणत. पहाटे मांस धुरावर चढवतानाच ते वेळ सांगून मोकळे होत, आणि नेमक्या त्या वेळेला सुई लोण्यात शिरावी तशी आत जाई. मी बांधकाम खात्यात एस्टिमेटर. इमारती कधी पुऱ्या होतील याचे अंदाज करण्यात माझी नोकरी गेली, आणि त्यातला एकही खरा ठरला नाही. या माणसापुढे माझी मान आपोआप खाली जायची.

ओळख झाली ती माझ्या आगाऊपणामुळे. भंडाऱ्याहून पाहुणे येणार होते, म्हणून मी त्रैराशिक मांडून कागदच घेऊन गेलो: एक किलोला दोन तास, तर पाच किलोला दहा. मियाँनी कागद शांतपणे वाचला आणि त्यानेच आग पेटवली. मग सीन्याच्या कडेला चार बोटं आडवी लावून म्हणाले, "वज़न तो क़साई पूछता है, बाबूजी. आग मोटाई पूछती है."

दुपार व्हायच्या आधी मांसाला घाम सुटायचा आणि दोन-दोन तास सुई जिथल्या तिथे अडायची. अशा वेळी मी लाकूड उचललं की ते माझं मनगट धरत. "रूठा हुआ है. मनाइए मत, पास बैठिए." मी बसायचो. आणि खरंच, जराही आग न वाढवता ते मांस आपोआप मऊ पडायचं. मला तो चमत्कारच वाटे.

ऐंशीच्या सुमारास त्यांचा एकुलता एक मुलगा शकील आखातात नोकरीला निघाला. मियाँचा जाण्याला विरोध होता, त्यामुळे महिनाभर बापलेकांत बोलणं नव्हतं. निघायच्या दिवशी मियाँनी पहाटे पाचलाच पाच किलोचा सीना चढवला. शकीलला दुपारी एकला अमीनाबादेत मित्रांना भेटून परस्पर अमौसीला विमान गाठायचं होतं. त्याने माझ्याकरवी विचारलं, किती वाजता होईल? मियाँ पिपाकडे बघत म्हणाले, चार. शकीलने मित्रांना निरोप धाडला आणि तोंड फुगवून पिपाकडे पाठ करून बसला.

दीडच्या सुमाराला मियाँ पाणी आणायला आत गेले. मी सहज सुई टोचली. ती कुठेही न अडता पार तळाला गेली. चमकून खाली पाहिलं, तर निखारे केव्हाच बाजूला ओढून राखेखाली झाकलेले. नज्जन मियाँ दारात उभे होते. त्यांनी माझ्या हातातून सुई काढून घेतली आणि पुसून खिशात ठेवली.

"बैठिए बाबूजी," ते हळूच म्हणाले. "अभी रूठा है."

मी बसलो. अडीचच्या पुढे शकीलने विचारलं, अब्बा, लाकूड आंब्याचंच का? मियाँ सांगू लागले. चार वाजेपर्यंत दोघांचं बोलणं संपलं नव्हतं. मी डोळे पुसले, धुराचं निमित्त बरं सापडलं.

तीन वर्षांनी मियाँ गेले. शकीलला पोहोचायला चार दिवस उशीर झाला. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "चाचा, वहाँ मैं भी बनाता हूँ. उतना ही सीना, उतनी ही मोटाई, ग्यारह घंटे. हर बार बिखर जाता है. अब्बा वाली बात नहीं आती."

सांगावं की नाही, मला कळेना. शेवटी सांगितलं.

"दो-ढाई घंटे कम कर दो बेटा. उस दिन डेढ़ बजे ही हो गया था."

तो उठून मागच्या अंगणात गेला आणि रिकाम्या पिपाजवळ बसून राहिला.