दुसरा डोसा

माझ्या आईवर एके काळी टीव्हीवर मालिका निघाली होती, असं मी सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग "अय्या, खरंच?" म्हणत खुर्ची पुढे ओढतात. त्यांना काहीतरी गमतीचं ऐकायचं असतं. मी बहुतेक वेळा विषय बदलते. गंमत होती, नाही असं नाही. पण त्या गमतीनं माझ्या घरातलं एक माणूस कायमचं बाहेर राहिलं, आणि ते चहाच्या कपाबरोबर सांगता येत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीचा काळ. चामराजपेटेत आमचं हॉटेल होतं. खोल्यांचं नव्हे, इडली-डोशाचं. बेंगळुरूत त्यालाच सगळे हॉटेल म्हणतात. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडणात दोन्ही. वडील गेल्यावर गल्ल्यावर आई बसू लागली. ठेंगणी, पदर कमरेला खोचलेला, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या फुलवालीला आमच्या हॉटेलात आज काय संपलं ते बसल्या जागी कळायचं.

आईला प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं आणि ते ती पदरात बांधून ठेवत नसे. कॉफीत साखर जास्त मागणाऱ्याला ती म्हणे, "आधी पिऊन बघा, मग बोला." पेपर वाचत खाणाऱ्याच्या हातातला पेपर काढून ती गल्ल्याशी ठेवायची आणि बशी रिकामी झाल्यावरच परत द्यायची. डोशाचा तवा सांभाळणारे आमचे आचारी, ज्यांना सगळे भट्टरे म्हणत, टेबलांवर वाढणारा सप्लायर आणि भांडी घासणारी बाई, या तिघांना तर ती दिवसभर धारेवर धरायची. तरी तिघंही वर्षानुवर्षं टिकून होते. भांडीवालीला ताप आला तेव्हा आईनं तिला शिव्या देत देत रिक्षात घातलं होतं आणि शिव्या देत देतच तिच्या घरी गंजी, म्हणजे तांदळाची पेज, पोचवली होती. तिचं बोलणं कुणी मनाला लावून घेत नसे. लावून घेतलं ते एका माझ्या भावानं.

भाऊ माझ्याहून मोठा. सकाळी शटर उघडण्यापासून सामान आणण्यापर्यंत सगळं तोच बघायचा. एका सकाळी त्याला उठायला उशीर झाला. तो खाली आला तेव्हा हॉटेल भरलेलं होतं. आई गल्ल्यावरून कडाडली, "आले का महाराज? आता पालखी पाठवणार होते!" सगळे हसले. बेसिनशेजारच्या टेबलावर त्याचे शाळेतले मित्र बसले होते, तेही हसले. आई याहून वाईट बोलली होती त्याला, कितीदा तरी. पण त्या दिवशी त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी करून त्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडला. "जा, जा! भूक लागली की येशील!" आई मागून ओरडली. त्यावरही लोक हसले.

तो आला नाही. हुबळीला एका छापखान्यात लागल्याचं कळल्यावर मी जाऊन आले. "तिला म्हणावं, मला बोलव," तो म्हणाला. घरी येऊन मी तसं सांगितलं, तर आई म्हणाली, "स्वतःच्या घरी यायला आमंत्रण लागतं होय?" दोघं एकाच पिठाचे. मी दोघांपुढे हात टेकले.

आता डोशाचं सांगायला हवं. तव्यावरचा पहिला डोसा कधीच धड निघत नाही. तवा नीट तापलेला नसतो, तो चिकटतो, फाटतो. आमच्याकडे तो कावळ्याला जायचा. दुसरा डोसा मात्र सुरेख उतरतो, आणि तो लहानपणापासून माझ्या भावाचा. शटर उघडायच्या आधी बेसिनशेजारच्या टेबलावर बसून तो खायचा आणि मगच हॉटेल सुरू व्हायचं. भाऊ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टऱ्यांनी पहिला डोसा काढला, दुसरा काढला, आणि तो बशीत घेऊन नुसते उभे राहिले. आईनं त्यांच्या हातातून बशी घेतली, चटणी वाढली आणि त्या टेबलावर नेऊन ठेवली. कुणी काही विचारलं नाही. सकाळची गर्दी भरेपर्यंत त्या टेबलावर कुणाला बसू दिलं जात नसे. मग आई बशी आत घेऊन जाई आणि तो गार डोसा उभ्या उभ्या खाई. असं रोज, वर्षानुवर्षं चाललं.

त्या काळात आमच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन एक लेखक राहायचा. मलनाडच्या डोंगराळ भागातला, काडीसारखा, नाटकं लिहिणारा. शटर अर्धं वर गेलं की वाकून आत यायचा. तो पेपर न वाचता खातो म्हणून आईचा त्याच्यावर जीव. एकदा त्यानं त्या बशीबद्दल विचारलं आणि आईनं त्याला सगळं सांगितलं. आम्हाला कधी न सांगितलेलंही सांगितलं. की रात्री दारात चप्पल वाजली तर अजून जाग येते. ऐकताना त्याचे डोळे भरून आले होते, हे भट्टऱ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच मला त्या माणसाचा जास्त राग येतो. निर्दयी असता तर एकवेळ समजून घेतलं असतं.

पुढच्या वर्षी त्यानं लिहिलेली मालिका सुरू झाली. कन्नड, विनोदी, आठवड्यातून एकदा संध्याकाळी. एका हॉटेलची तोंडाळ मालकीण आणि तिचे नोकर. पहिल्याच भागात मालकिणीनं गिऱ्हाइकाच्या हातातला पेपर काढून घेतला आणि आमचा सप्लायर हातातला ट्रे घेऊन खाली बसला. त्या नटीनं आईचा पदर उचलला होता, चाल उचलली होती, मराठी हेल काढून बोललेलं आईचं कन्नडसुद्धा उचललं होतं. आई खूश! गल्ल्यावर फळी ठोकून तिनं टीव्ही बसवला. मालिकेच्या वेळी हॉटेल बंद करून सगळे बघायचे. भट्टरे मालिकेतल्या आचाऱ्याच्या पोटाकडे बघून "माझं एवढं नाही" म्हणायचे आणि आई म्हणायची, "याहून दुप्पट आहे." ते दिवस खरंच चांगले होते. मी आईला इतकं हसताना फार वर्षांनी पाहिलं.

मग लोक येऊ लागले. आधी पेटेतले, मग बसवनगुडीतून, मग कुठून कुठून. "अक्का, स्वल्प बैरी," म्हणजे जरा रागवा ना, असं म्हणायचे. मुद्दाम कॉफी सांडायचे, मुद्दाम पेपर उघडून बसायचे. आई रागावली की टाळ्या वाजवायचे. आधी तिलाही मजा वाटली. पण ज्याला रागवायचं तोच खुदुखुदु हसू लागला तर रागवायचं कसं? तिचं बोलणं म्हणजे तिचा सगळा कारभार होता. माया, धाक, हिशेब, सगळं त्यातूनच चालायचं. ते आता खेळ झालं. खरोखरच चिडून ती सप्लायरवर ओरडली तरी चार टेबलांवरून हशा यायचा, आणि बिचारा सप्लायरही ओठ दाबून हसायचा.

आणि एका आठवड्यात मालिकेत ती बशी आली. मालकीण रोज सकाळी रिकाम्या टेबलावर डोसा ठेवते. नोकरांना वाटतं, हॉटेलात भूत आहे. आचारी घाबरून तव्यामागे लपतो, एक मांजर येऊन डोसा पळवते आणि मालकीण हात जोडून म्हणते, "जेवलास बाबा?" टीव्हीतून हशाचा लोट आला. आमच्या हॉटेलात कुणी हसलं नाही. भांडीवालीनं उठून टीव्ही बंद केला. आई म्हणाली, "लाव की. संपला नाही अजून." पण कुणी लावला नाही.

दुसऱ्या सकाळी कॉलेजची पोरं त्या टेबलाभोवती गोळा झाली, भुताचा डोसा बघायला. आईनं बशी उचलली आणि आत नेली. भट्टऱ्यांना म्हणाली, "उद्यापासून ते टेबल गिऱ्हाइकांना द्या." त्यानंतर दुसरा डोसाही पहिल्या गिऱ्हाइकाला जाऊ लागला. आणि आई गप्प झाली. एकदम नाही, पण जशी जशी गर्दी वाढली तशी ती हळू बोलू लागली, नेमकं बोलू लागली. "काय हवं?" "सरी, ठीक आहे." "या पुन्हा." कुणी डिवचलं तर नुसती हसायची. लोक निराश होऊन जायचे. टीव्हीवरचीच बरी, म्हणायचे.

मी तेव्हा शाळेत शिकवत होते. एका दुपारी शिपाई वर्गात सांगत आला की बाहेर कुणी भेटायला आलंय. फाटकाशी माझा भाऊ उभा होता. वाळलेला, कानशिलांवर केस पांढरे झालेले. मी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. "चल घरी," मी म्हणाले. "घरूनच आलो," तो म्हणाला.

त्यानं हुबळीत ती मालिका पाहिली होती. छापखान्यातले सगळे बघायचे म्हणून तोही बघायचा. ही आपलीच आई हे त्याला पहिल्या दिवशी कळलं होतं, पण त्यानं कुणाला सांगितलं नाही. मग बशीचा भाग आला. सगळे भुताला हसत होते आणि तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला होता. पुढे कित्येक आठवडे धीर गोळा करून तो अखेर बसमध्ये बसला.

"मला वाटलं, दारात पाय ठेवला की सुरू होईल ती," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलेल. बोलू दे म्हटलं. मान खाली घालून ऐकायचं ठरवून आलो होतो. आपल्या टेबलावर जागा झाली तेव्हा जाऊन बसलो. ती गल्ल्यावरून उठून आली. पाणी ठेवलं. 'काय आणू?' म्हणाली. मी म्हटलं, डोसा. तिनं आणून दिला. मी खाल्ला. एक शब्द नाही गं. हात धुवून तिच्याकडे बघितलं, तर ती खाली बघत होती. गिऱ्हाइकासारखं वाढलं तिनं मला."

मी त्याला सांगत राहिले. ती आता कुणाशीच बोलत नाही, लोकांनी तिचं हसं केलंय, तिला वेळ दे, संध्याकाळपर्यंत थांब. "ती आणि गप्प?" तो म्हणाला. त्याला ते खरंच वाटेना. जन्मभर जिला ओरडतानाच पाहिलं ती गप्प बसली, याचा एकच अर्थ त्याला कळत होता. "ओरडली असती तर राहिलो असतो," तो म्हणाला आणि मॅजेस्टिक स्टँडकडे जाणाऱ्या बसमध्ये चढला. मी शाळेच्या फाटकाशी खडूनं भरलेले हात घेऊन उभी होते.

संध्याकाळी घरी जाऊन मी आईला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. माझा आवाज चढला होता. "काही तरी बोलायचं होतंस! कुत्र्या म्हणायचं होतंस त्याला!"

आई गल्ला पुसत होती. पुसतच राहिली. "हॉटेल भरलेलं होतं गं," ती म्हणाली. "मी तोंड उघडलं असतं तर सगळे हसले असते. त्याच्यावर हसले असते. एकदा हसले होते, तेव्हा गेला ना तो? परत कसं हसू देऊ?"

मला त्या लेखकाचा राग आला, हसणाऱ्यांचा आला, माझ्या हट्टी भावाचा आला, आणि तिचा मात्र येऊ शकला नाही.

मालिका काही महिन्यांनी संपली, लोक तिला विसरले. भावाला मी हुबळीला जाऊन आईचं म्हणणं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि "येतो कधीतरी" म्हणाला. आईनंही "येऊ दे" म्हटलं. पण एकदा चुकलेली ती वेळ दोघांनाही पुन्हा जमवता आली नाही. तो त्या हॉटेलात पुन्हा आला तेव्हा शटर बंद होतं आणि आईला आम्ही बाहेरच्या खोलीत शेवटचं निजवलं होतं.

पण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही ती तो येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. शाळेत जाण्याआधी मी स्वयंपाकघरात कॉफी घेत होते. शटर अजून बंद होतं. भट्टऱ्यांनी पहिला डोसा काढला, तो फाटला. दुसरा काढला, तो कागदासारखा सुटून आला. त्यांनी तो बशीत ठेवला आणि, काय मनात आलं कोण जाणे, बशी आईपुढे धरली.

आई त्या डोशाकडे बघत राहिली. आणि मग तिला कंठ फुटला. आमच्या जाडजूड, साठी ओलांडलेल्या भट्टऱ्यांच्या तोंडाकडे बघून ती ओरडली, "कुठे होतास रे इतकी वर्षं? हाडं वर आलीत नुसती! केस बघ, पांढरे झाले! वेळेवर जेवतोस का नाही तिथे? आईची आठवण येत नाही तुला? येऊन बसतोस आणि परक्यासारखा उठून जातोस? लाज नाही वाटत?"

भांडीवालीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. सप्लायर दारात थांबला. कुणी हसलं नाही. आई ओरडत होती, ओरडता ओरडता रडत होती, आणि भट्टऱ्यांनी बशी खाली ठेवून, खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन, मान खाली घातली होती.

"तप्पायतु, अक्का," ते म्हणाले. चुकलं. "इन्नु होगल्ला." आता नाही जाणार.